दसऱ्यानंतरचा जुलाब

आमच्या घरी दसरा आणि कोजागिरी यांच्यामध्ये आणखी एक सण होता. तो पंचांगात नव्हता, मामंजींच्या डोक्यात होता. त्या दिवशी झाडून साऱ्या घराने, अंगावर पिणारं पोर तेवढं सोडून, उपाशीपोटी जुलाब घ्यायचा. पाहुणा असला तरी सुटका नाही. एका वर्षी माझा भाऊ कामानिमित्त पुण्याला आला आणि नेमका आदल्या दिवशी आमच्याकडे उतरला, तर त्यालाही वाटीभर काढा पाजला. पुन्हा म्हणून तो आश्विनात आमच्या पेठेत फिरकला नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे. सरकारवाड्यात फडावर, म्हणजे दफ्तरात, कारकून होते. दिवसभर मांडी घालून लिहायचं, त्यामुळे त्यांचा कोठा जड, आणि आपला जड म्हणजे जगाचाच जड, असा त्यांचा हिशेब. पावसाळाभर अंगात साठलेलं पित्त शरदात काढून टाकलं की वर्षभर दुखणं येत नाही, हे त्यांचं ठाम मत. ते खोटं नाही. माझे वडील घाटाच्या पायथ्याशी एका गावात वैद्य होते, तेही हेच सांगत. पण वडील प्रत्येकाची नाडी बघत आणि मग ठरवत. मामंजी नाडी बघत नसत, रांग लावत.

मी धाकटी सून. बूड टेकून बसणं मला कधी जमलं नाही, अजूनही जमत नाही. लिहितानाही मी मधूनच उठते, दारापर्यंत जाते आणि परत येते. सासूबाई म्हणत, हिच्या पायाला भिंगरी आहे. असल्या माणसाला घरात कुटण्याचं काम देतात. त्यातून वैद्याची मुलगी, चार अक्षरं येणारी, म्हणून जुलाबाचं साहित्यही माझ्याच खलात येऊन पडलं.

लोकांना वाटतं जुलाब सगळे सारखेच. तसं मुळीच नाही. एरंडेल हा त्यातला गरीब गडी. बिबवेवाडीची एक बाई डोक्यावर गाडगं घेऊन विकायला येई, दारातूनच सांगे, "ताजं हाय आई, कालच काढलंय." सुंठीच्या गरम पाण्यातून घ्यायचं. पोट साफ करतं, पण मळमळ अशी की जीभ कापून टाकावीशी वाटते, आणि काम झाल्यावर उलट कोठा आवळून बसतं. सोनामुखीची पानं भिजत घालायची. तिचं काम चोख, पण मुरडा असा देते की धडधाकट माणूस दुमडून बसतो, म्हणून तिच्याबरोबर सुंठ आणि बडीशेप घालावी लागते. शिवाय तिची सवय लागते. आमच्या शेजारचे एक भटजी रोज सोनामुखी घेत घेत अशा अवस्थेला आले होते की ती घेतल्याशिवाय त्यांचं आतडं हलायचं विसरलं होतं, आणि माणूस सुकून चिपाड झाला होता. बाळहिरडा तुपावर परतून जेवणानंतर चघळायचा, तो कुणाला नडत नाही. बहाव्याच्या शेंगेतला काळा मगजही तसाच सौम्य. लहान मुलं, म्हातारी माणसं, आणि अवघडलेल्या बाईला द्यायचीच वेळ आली तर तोच द्यावा, असं वडील म्हणत. निशोत्तराचं मूळ मात्र जबर. ते पित्ताबरोबर माणसाची ताकदही घेऊन जातं.

आणि मग जमालगोटा. गाईच्या दुधात शिजवून, आतला कोंब काढून शुद्ध केला तरी तो जमालगोटाच. त्याच्या गोळीला इच्छाभेदी म्हणतात. ती गिळल्यावर गार पाण्याचे जितके घोट घ्याल तितक्या वेळा जावं लागतं, आणि थांबवायचं असेल तेव्हा कढत पाणी प्यायचं. थांबलं तर थांबलं. वडिलांच्या घरी ती डबी सगळ्यांत वरच्या फळीवर असे. पोटुशी बाई औषधाला आली तर वडील त्या फळीकडे बोटही करू देत नसत. म्हणत, आतडं पिळवटलं की शेजारची पिशवीही पिळवटते. निशोत्तराबद्दलही त्यांचं हेच म्हणणं होतं.

आमच्या घरचा काढा सोनामुखी आणि निशोत्तर यांचा, वर पळीभर एरंडेल. आधी काही दिवस मऊ खिचडीवर तुपाची धार धरून आतडी ओशट करायची, मग त्या दिवशी पहाटे स्नानं उरकून सगळे ओसरीवर. मामंजी पाटावर बसून पंचपात्रातून तीर्थ द्यावं तसा काढा वाटीत ओतत. बायकांच्या वाट्या सासूबाई माजघराच्या दारातून आत देत, आणि रिकाम्या वाट्या मामंजी स्वतः बघत. ओकून टाकलं तर दुसरी वाटी तयार असे. पुरुष आंबील ओढ्याकडे पळत, बायकांना परसातला एकच शेतखाना. मामंजींचं जानवं त्या दिवशी कानावरून उतरत नसे. दुपारनंतर सगळे भिंतीला टेकून पडलेले, डोळे खोल गेलेले, पोटऱ्यांत गोळे येताहेत, आणि मामंजी समाधानाने म्हणत, आता घर हलकं झालं.

मला यात हसण्यासारखंच दिसायचं. ज्या वर्षी हसू आलं नाही त्या वर्षाची ही गोष्ट.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना मूल नव्हतं. त्यांचे यजमान फौजेबरोबर हिशेबाला असत. दसऱ्याला शिलंगण झालं की फौज निघे, तिच्याबरोबर तेही जात, आणि आषाढात चिखल तुडवत घरी येत. जाऊबाईंची पाळी मुळातच बेभरवशाची, त्यामुळे कधी काय आहे ते त्यांचं त्यांनाही चटकन कळत नसे. पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हा त्यांनी हौदावर पाणी भरताना आनंदाच्या भरात एका शेजारणीला सांगितलं. दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत सगळं वाहून गेलं. दुसऱ्या खेपेला नवरात्राला आलेल्या नणंदेच्या कानात सांगितलं. पुन्हा तेच. सासूबाईंना दोन्ही वेळा कळलं ते गेल्यावरच. आपल्यात तिसरा महिना पुरा झाल्याशिवाय बोलायचं नसतं, आणि ह्या बोलल्या, म्हणून दृष्ट लागली, असा निकाल झाला. शेजारणीशी बोलणं तुटलं. नणंद पुढच्या नवरात्राला आली नाही.

जाऊबाई माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, पण सासरी मला जीव लावला तो त्यांनी. मी नवी असताना माझी करपलेली भाकरी स्वतःच्या पानात ओढून घेत. माझ्या मुलाला तर त्यांनीच वाढवलं. तो दोन वर्षांचा झाला तरी रडताना मला सोडून त्यांच्याकडे धावे.

त्या वर्षी भाद्रपद सरता सरता जाऊबाई बाहेर बसल्या होत्या. तीन दिवस कोपऱ्यातल्या खोलीत, शिवाशिव नाही, मी लांबून पान सरकवायचं. एका दुपारी मी पान ठेवायला गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून उमासे देत होत्या. स्वयंपाकघरातून हिंगाच्या फोडणीचा वास येत होता. मी तिथेच थबकले. त्यांनी वळून बघितलं आणि सरळ हात पुढे करून माझं मनगट धरलं. मी दचकून ओढून घ्यायला लागले, कारण तशा बाईने शिवल्यावर मला आंघोळ करावी लागली असती.

"काही विटाळ होत नाही," त्या म्हणाल्या. "मी बाहेरची नाहीच."

मग सगळं सांगितलं. दोनदा असं झाल्यापासून सासूबाई डोळ्यांत तेल घालून त्यांचे दिवस मोजत होत्या. कुणालाच कळू नये, कुणाची नजरच पडू नये, म्हणून श्रावणातही आणि आताही त्या खोटंच बाहेर बसल्या होत्या. यजमानांनाही सांगितलं नव्हतं. तिसरा पुरा झाला की आधी देवापुढे साखर ठेवायची आणि मग तोंड उघडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. माझा मुलगा माझ्या मागोमाग येऊन दारात उभा होता. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घ्यायला लावली, कुणापाशी बोलणार नाही म्हणून. मी घेतली. आनंदच इतका झाला होता की मी कशाचीही शपथ घेतली असती.

आनंद टिकला तो नवरात्रापर्यंत. सासूबाईंनी निशोत्तराची पुडी माझ्या पुढ्यात टाकली आणि मी कुटायला बसले. कुटता कुटता माझा हात थांबला. पुरुष घरी येतात आषाढात. म्हणजे जाऊबाईंना दिवस राहणार ते पावसाळ्यातच. आणि जुलाब येतो दसऱ्यानंतर, बरोबर तिसऱ्याच्या तोंडाशी, जेव्हा पोट दिसत नाही आणि बोलायचीही चोरी. दोन्ही वेळा त्यांनी हाच काढा घेतला होता. मला तो कधी नडला नव्हता, कारण आमचे हे फडावरच, बाराही महिने घरी. माझा मुलगा पोटात होता त्या वर्षी आश्विनात माझं पोट साऱ्या पेठेला दिसत होतं, आणि मामंजींनी स्वतःच मला वगळलं होतं. त्यांना दिसलं असतं तर त्यांनी जाऊबाईंनाही वगळलं असतं. शेजारणीच्या डोळ्यांत काही नव्हतं. जे होतं ते माझ्या खलात होतं.

मी उठले, तशीच परसात गेले. जाऊबाई समया घासत होत्या. मी त्यांना सांगितलं. त्यांनी चिंचेचा हात थांबवला सुद्धा नाही.

"जुलाबानं काही होत नाही गं. दोन्ही वेळा घेतला, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ठणठणीत होते. झालं ते नंतर."

मी विचारलं, नंतर म्हणजे किती नंतर. म्हणाल्या, चार-दोन दिवसांनी, पण तोवर बाहेर कळलं होतं ना. मी वडिलांचं म्हणणं सांगितलं. त्या म्हणाल्या, नाही घेतला तर का नाही म्हणून विचारतील, आणि मग सगळ्यांना कळेल. त्यापेक्षा वाटीभर कडू पाणी परवडलं. मी म्हटलं, मग पुन्हा बाहेर बसा. त्या म्हणाल्या, आत्ताच तर उठले, इतक्या लवकर बसले तर सासूबाई वैद्याला बोलावतील. त्यांचंही खरंच होतं. आणि बाहेर बसलेल्या बाईला तरी मामंजी कुठे सोडत? तिची वाटी पाचव्या दिवशी तिच्या हातात येई.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर मुलाच्या डोक्यावर हात ठेवलेला, न बोलावं तर जाऊबाईंचं मूल जाणार हे डोळ्यांनी दिसत असलेलं. मी घरभर नुसती फिरत होते. आमटी करपली. देवाच्या फुलांत तुळस विसरले. मुलाला कुणी मांडीवर घेतलं तरी माझा जीव खालीवर होई. ह्यांनी विचारलं, तुझं काय बिनसलंय. मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. आश्विनातलं ऊन लागतंही म्हणा.

दसरा झाला. थोरले भावजी फौजेबरोबर गेले. जाऊबाईंनी त्यांच्या हातावर दही घातलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. मामंजींनी पंचांग काढून दिवस धरला, कोजागिरीच्या आतला. खिचडीवर तुपाच्या धारा सुरू झाल्या.

आदल्या दिवशी संध्याकाळी काढ्याचं साहित्य भिजत घालायचं माझ्याकडेच होतं. मी निशोत्तराची पूड काढून ठेवली आणि तिच्या जागी बहाव्याचा मगज आणि मूठभर मनुका घातल्या. सोनामुखी नावाला चार पानं. सुंठ भरपूर, म्हणजे घशाला तरी काही कळेल. एरंडेल तेवढं मामंजी स्वतः ओतत, तिथे माझा इलाज नव्हता, पण पळीभर एरंडेल बारा माणसांत वाटलं तर कुणाचं काय बिघडणार? रंग काळाभोर आला. मला माझं फार कौतुक वाटलं. शपथही शाबूत आणि मूलही शाबूत.

सकाळी सगळ्यांनी वाट्या रिकाम्या केल्या. जाऊबाईंनी माझ्याकडे न बघता एका दमात घेतला. ह्यांनी ओठ चाटले आणि म्हणाले, या वर्षी काढा गोड लागतोय. मामंजींनी वाटी हुंगली आणि खाली ठेवली.

मग वाट बघणं सुरू झालं. एरवी उन्हं अंगणात येईपर्यंत परसात तांब्याला उसंत नसे. त्या दिवशी तांबा जागचा हलला नाही. सासूबाई एकदा जाऊन आल्या. ह्यांच्या पाठचे, अजून लग्न न झालेले दीर गेले आणि हात हलवत परत आले. ओसरीवर पुरुष एकमेकांची तोंडं बघत बसले होते, कुणाला काही सांगायला नव्हतं. मी आत-बाहेर, आत-बाहेर. मामंजी पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसले होते, सतारीचा सूर लागतो का ते ऐकल्यासारखे. हे मला म्हणाले, घरात आज कुणाला काही होतच नाहीये, तू का एवढी चालते आहेस?

दुपार कलली तसे मामंजी उठले. काढ्यात खोट आहे असं त्यांच्या मनात आलंच नाही, आपल्या घराचं पित्त या वर्षी फार घट्ट झालंय असं आलं. ते देवघरात गेले आणि डबी घेऊन आले. इच्छाभेदी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ते हे असं. निशोत्तर चुकवायला गेले आणि जमालगोटा दारात आणून उभा केला.

सासूबाईंनी हलक्या आवाजात म्हणून बघितलं की राहू द्या, उद्या बघू. मामंजी म्हणाले, अर्धवट ढवळलेलं पित्त अंगात ठेवलं तर ते विष होतं. त्यांनी पुरुषांच्या हातावर एकेक गोळी ठेवली, पुढे गार पाण्याची घागर. मग बायकांसाठी सासूबाईंच्या तळहातावर मोजून दिल्या. सासूबाई माजघरात आल्या. पहिली गोळी थोरल्या सुनेला. जाऊबाईंनी ती घेतली, मूठ मिटली आणि पाण्याच्या भांड्याकडे हात नेला. माझा मुलगा त्यांच्या गुडघ्याला धरून उभा होता.

मी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मामंजींशी समोरासमोर एक वाक्य बोलले नव्हते. काही सांगायचं तर सासूबाईंकडून. त्या दिवशी मी पदर सावरून दाराबाहेर आले, ओसरीवर, पुरुषांच्या देखत.

"मामंजी, जाऊबाईंना देऊ नका. त्यांना दिवस गेलेत."

दिरांच्या तोंडात गोळीआधीचा पाण्याचा घोट होता तो तसाच राहिला. मामंजी माझ्याकडे नाही, डबीकडे बघत होते. आत सासूबाईंनी जाऊबाईंची मूठ धरली आणि एकेक बोट उघडून गोळी काढून घेतली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला वाटतं त्याच क्षणी त्यांनीही मागची दोन वर्षं मनात मोजली.

जाऊबाईंनी माझ्या मुलाचे हात आपल्या गुडघ्यावरून सोडवले. अगदी हळू. मग मला म्हणाल्या, "त्याच्या डोक्यावर हात ठेवला होतास." एवढंच म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन बसल्या.

मामंजींनी सगळ्यांच्या गोळ्या परत मागून घेतल्या. स्वतःची मात्र परत डबीत ठेवली नाही. हट्ट म्हणा, की आणखी काही, त्यांनी ती सगळ्यांसमोर गिळली आणि वर गार पाणी प्यायले. त्यानंतर घराने जे बघितलं ते पुन्हा कधी बघू नये. उन्हं उतरायच्या आत ते इतक्यांदा जाऊन आले की शेवटी दोघांनी धरून न्यावं लागलं. पोट धरून भिंतीला कपाळ टेकून कण्हत होते. ओठ सुकून पांढरे, हातापायांना गार घाम, पोटऱ्यांत गोळे, बोलायला गेले तर आवाज फुटेना. कढत पाणी दिलं, ते उलटून पडलं. पुन्हा दिलं. मी दहीभात कालवला, त्यात मीठ घातलं, सासूबाईंनी बोटाने चाटवला. दिवेलागणीच्या सुमारास थांबलं. भिंतीसारख्या पाठीचा माणूस होता तो, आणि अंथरुणावर दिसेनासा झाला होता. मी पायाशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे जाऊबाई होत्या.

ते उठून बसायला लागले तेव्हा एका सकाळी मी पेज घेऊन गेले. भिंतीकडे बघत म्हणाले, "काढ्यात बहावा होता."

मी होय म्हटलं.

"पुढच्या वर्षापासून आधी सुनांना विचारायचं, मग काढा करायचा. विचारायचं तू." मग पेजेत मीठ कमी आहे म्हणाले. ते खरंच कमी होतं.

घरात मला कुणी शब्दाने दुखवलं नाही. सासूबाईंनी एकदा नुसता पाठीवर हात ठेवला. पण जाऊबाईंचं मन माझ्यावरून उतरलं ते उतरलं. दिवस भरत होते, पोट वाढत होतं, सगळं सुखरूप होतं, तरी त्यांना चैन नव्हतं. ज्या दिवशी मी ओसरीवर बोलले त्या दिवशी आपल्या मुलावर दहा-बारा नजरा एकदम पडल्या, आणि ते अजून पोटात आहे ही देवाची कृपा, तुझी नव्हे, असा त्यांचा भाव. माझ्या मुलाला मार्गशीर्षात ताप आला तेव्हा मी जिवाच्या आकांताने त्याच्या उशाशी बसले होते. शपथ मोडल्याचा ताप असेल का, असं मला वाटत होतं आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हते. जाऊबाई दारापर्यंत आल्या, उभ्या राहिल्या, आणि परत गेल्या. ताप उतरला. तो मुलगा आज नातवंडांना ओरडण्याइतका म्हातारा आहे, पण त्याला नुसती शिंक आली तरी माझा जीव अजून दचकतो.

चैत्रात जाऊबाईंना मुलगी झाली. काळीसावळी, डोक्यावर भरपूर जावळ. मामंजींनी साखर वाटली, आणि आषाढात भावजी आले तेव्हा ती त्यांच्या मिशा धरण्याइतकी झाली होती. मला ती फार आवडे. का आवडू नये? कुणाला सांगता येत नसलं तरी मनात मी तिला थोडी माझीच समजत होते. कुणी जवळ नसेल तेव्हा मी तिला पाळण्यातून उचलून घ्यायची, आणि तीही माझ्याकडे बघून हसायची. जाऊबाई आल्या की तिला माझ्याकडून घेत. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. घेत, आणि थेट चुलीपाशी जाऊन तिची दृष्ट काढत. मला राग यायचा. नंतर नंतर रडू यायचं. शेवटी दोन्ही येईनासं झालं आणि तरीही मी मुलीला उचलत राहिले.

दृष्ट काढायची म्हणजे मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुलावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. मिरच्यांच्या धुराचा खाट उठला, ठसका लागला, तर दृष्ट नव्हती. वास आला नाही तर समजायचं की लागली होती आणि जळून गेली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या त्या मिरच्या चांगल्या जहाल होत्या. निखाऱ्यावर पडल्या की स्वयंपाकघर भरून जाई. मी पदर तोंडाला लावून खोकत परसात पळे, सासूबाई माजघरात शिंकत, मुलगी रडून लाल होई. आणि जाऊबाई चुलीपाशी तशाच बसलेल्या असत, डोळ्यांतून घळघळा पाणी वाहतंय, छातीत श्वास कोंडून धरलाय. श्वास धरवेनासा झाला की त्या म्हणत, "बघा, वाससुद्धा नाही. केवढी दृष्ट होती."